लोणारबोळाची खेप

“त्या बोळात तुमची अक्का राहते ना, ओव्हरसियरसाहेब?” आबासाहेब हसत म्हणाले, आणि चंद्रभाननं पाण्याच्या गाडीच्या नकाशावरची लोणारबोळाची रेघ रबरानं खोडून टाकली.

एवढंच घडलं होतं. आबासाहेब नगरपालिकेचे अध्यक्ष, मोंढ्याच्या बाजारात त्यांची कापसाची अडत. माणूस खुनशी नव्हता. तोंडात पान असलं की त्यांना कुणाची तरी थट्टा लागायची, इतकंच. वाक्य बोलून ते दुसऱ्या कामाला लागलेही होते. पण चंद्रभानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत दोन सभासद बसले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं की नाही हे त्याला नंतर आठवेना. त्या वेळी मात्र त्यांनी पाहिलं अशी त्याची खात्री होती. रबराचा चुरा त्यानं फुंकरीनं उडवला, बोटाच्या पेरानं कागद पुसला आणि म्हणाला, “लोक बोळाच्या तोंडाशी येतील. चार पावलं तर आहेत.” चार पावलं नव्हती. त्या खोलीत हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्या वर्षी चैत्रातच गावातल्या विहिरी आटल्या. परभणीला नळ येणार म्हणून दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी ते पुढच्या वर्षावर जात. मोंढ्यामागची नगरपालिकेची विहीर तेवढी धरून होती. तिथून बैलगाडीवरच्या लोखंडी टाकीतून गावात पाणी जाई. गाड्या दोन होत्या. एकीचे बैल घटसर्पानं पाठोपाठ गेले आणि मुंजाजीची एकच गाडी उरली. म्हातारी माणसं अजून नगरपालिकेला बलदियाच म्हणत. ‘बलदियाची गाडी आली’ अशी आरोळी उठली की बाया घागरी, कळश्या, तेलाचे डबे घेऊन आपापल्या उंबऱ्यापुढं उभ्या राहत, आणि गाडी सगळी गल्ली थांबत थांबत चालून जाई. म्हणजे नुसतं चौकात पोचून भागत नव्हतं. प्रत्येक गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावी लागे, आणि पाणी देऊन झालेल्या गल्लीतून पुन्हा जाणं म्हणजे बैलांचे पाय आणि सकाळ दोन्ही फुकट घालवणं. दोन गाड्या होत्या तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एक उरली, तेव्हा टेशनाकडच्या गल्ल्यांना पाणी मिळेस्तोवर दिवस कलायला लागला. एका बाईनं मुंजाजीच्या अंगावर रिकामा डबा भिरकावला. मग आबासाहेबांनी चंद्रभानला बोलावून सांगितलं, “तुमी हैदराबादला लय गणित शिकून आलाव म्हन्तेत. गाडी एक हाय. समद्या गावाला पाणी दुपारच्या आत. बसवा कसं बसतंय ते.”

गणित शिकून आलाव. हे कुणी म्हटलं की तो मान खाली घाली. तो शिकला ते उर्दूतून. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली, आणि गेली ते बरंच झालं असं तोही मनापासून म्हणे. पण त्याची पदवी मात्र निजामाच्या हाली रुपयासारखी झाली. नाणं खरं, चालायचं थांबलेलं. त्याला कॉलेजात शिकवायचं होतं. मराठीतून गणित सांगताना जीभ थबके, इंग्रजीतून सांगताना घाम फुटे, आणि ज्या भाषेत ते त्याच्या डोक्यात वाहत होतं ती आता वर्गात नको होती. शेवटी गटारांचे उतार मोजायची ही नोकरी मिळाली. बरोबरचा बन्सीधर कलकत्त्याला गेला, तिथं संशोधन करू लागला, आणि जुन्या मैत्रीखातर अमेरिकेतले छापील निबंध पाठवत राहिला. अलीकडे त्यांत एक नवं प्रकरण होतं: अशा गणितांचं, ज्यांचं उत्तर पूर्ण अंकांतच यायला हवं, कारण अर्धा माणूस, अर्धं जहाज जगात नसतं. चंद्रभान शब्दकोश घेऊन ते वाची. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून आबासाहेबांनी ते काम सांगितलं तेव्हा किती वर्षांनी कुणीतरी आपल्याला आपल्या नावानं हाक मारली, असं त्याला वाटलं. त्या संध्याकाळी तो घरी जवळजवळ धावत गेला.

गाव त्यानं कागदावर उतरवलं. चौक म्हणजे ठिपके, गल्ल्या म्हणजे रेघा. ज्या चौकात गल्ल्या सम, तिथं गाडी एकीनं येते, दुसरीनं जाते, फिटतं. जिथं विषम, तिथं एखादी गल्ली दुसऱ्यांदा चालावीच लागते. हे जुनं आणि सोपं. अवघड होती ती टाकी. तिच्यात मावेल तेवढंच पाणी, संपलं की विहिरीवर परत. म्हणून कुठली गल्ली कुठल्या खेपेत घ्यायची हे ठरवायचं. गल्ली आणि खेप अशा प्रत्येक जोडीला त्यानं एक अंक दिला. त्या खेपेत त्या गल्लीला पाणी दिलं तर एक, नाही तर शून्य. मधलं काही नाही, कारण अर्ध्या गल्लीला पाणी देऊन गाडी वळली की उरलेल्या अर्धीत डोकी फुटत, हे गावानं पाहिलं होतं. मग त्यानं अटी लिहिल्या. कुठलीही गल्ली सुटता कामा नये. खेपेचं पाणी टाकीहून जास्त होता कामा नये. चौकात गाडी जितक्यांदा शिरेल तितक्यांदाच बाहेर पडेल. सोडवायला घेतलं की उत्तर पहिल्यांदा अपूर्णांकांत येई: कुंभारगल्लीला एका खेपेत अर्धं, दुसरीत अर्धं, शनीच्या देवळापासून गाडी पाऊण वेळा बाहेर. कागदावर ते सगळ्यांत चांगलं उत्तर असे, आणि गावात ते कुठंच नसे. हैदराबादचे त्याचे प्राध्यापक अपूर्णांकाला कसर म्हणत आणि पूर्णांकाला सहीह. कसर म्हणजे मोडलेलं, सहीह म्हणजे धड. निबंधात रीत दिली होती. मोडकं उत्तर आलं की एक नवी अट घालायची, अशी बेतून, की ते उत्तर तिनं कापलं जाईल पण धड उत्तरांतलं एकही दुखावणार नाही. पुन्हा सोडवायचं. पुन्हा मोडकं आलं की पुन्हा अट. जेवायच्या वेळी बायको, नर्मदा, दारात येऊन म्हणे, “जेवायलाव का कागदच खायलाव?” तो मान न उचलता हसे. इतका सुखी तो तिला कधी दिसला नव्हता, आणि ते तिनं त्याला सांगितलंही होतं.

उत्तर धड व्हायला आलं आणि लोणारबोळापाशी अडलं. बोळ पुढं बंद. शिरायचं आणि त्याच वाटेनं बाहेर. त्याहून वाईट म्हणजे तिथल्या घरांना पुरेल इतकं पाणी कुठल्याच खेपेत शिल्लक राहत नव्हतं. त्या एका बोळासाठी आणखी अर्धी खेप लागे, आणि अर्धी खेप नसते. बैलांना विहिरीपर्यंत अख्खंच जावं लागतं, अख्खंच यावं लागतं. ती खेप धरली की दुपार टळे. बोळ काढला की सगळं चिऱ्याला चिरा लागल्यासारखं बसे. त्या दिवशी तो आबासाहेबांना हेच सांगायला गेला होता. बोळ काढा असं त्याला म्हणायचं नव्हतं, आणखी थोडे दिवस द्या म्हणायचं होतं. निदान नंतर तो स्वतःला तसं सांगे. तेवढ्यात ते वाक्य आलं. जसा काही तो बहिणीसाठी गावाची गाडी अडवून बसला होता! पुढं कितीदा तरी त्यानं तो क्षण उलटून पालटून पाहिला. लाजेनं खोडली ती रेघ? का ती गेली की गणित सुंदर होणार होतं म्हणून? वाक्य आलं तेव्हा रबर टेबलावर होतं की आधीच त्याच्या हातात? जितकं पाही तितकं ते रबर कधी इथं दिसे, कधी तिथं.

गाडी नव्या वाटेनं फिरू लागली आणि दुपारच्या आत विहिरीवर परत येऊ लागली. टेशनाकडची माणसं नमस्कार करू लागली. पहिले काही दिवस चंद्रभान गाडीमागं सायकल हातात धरून चाले. चौकाचौकात गाडी त्यानं योजलेल्या गल्लीत वळे, आणि दर वळणाला त्याच्या छातीत काहीतरी गोड हले. टाकीत उरलंसुरलं पाणी द्यायला गाडी लोणारबोळाच्या तोंडाशी उभी राही, तेव्हा मात्र तो पुढं निघून जाई. बोळातून बाया पळत येत. रेटारेटी होई, सांडलेल्या पाण्याचा चिखल होई. मागून मुंजाजीचा आवाज येई, “सरा गं बायांनो, बैलायच्या पायात येतावा!” त्या आवाजात अक्काचा आवाज आहे का हे ऐकू येऊ नये म्हणून तो घंटी वाजवी.

अक्काला गर्दीत रेटायला यायचं नाही, हे त्याला माहीत होतं. धुरपदाबाई तिचं नाव, पण गल्लीची ती अक्काच. आई गेली तेव्हा तो रांगत होता. पालमकडच्या त्यांच्या खेड्यातून अक्काचं लग्न होऊन ती परभणीला आली, ती त्याला कडेवर घेऊनच. सासूनं दारातच विचारलं होतं, ‘हे कोन?’ आणि नव्या नवरीनं डोक्यावरचा पदर न ढळू देता सांगितलं होतं, ‘माझा भाऊ. ह्यो असंल तर मी असंल.’ हे त्याला अक्कानं कधी सांगितलं नाही, सासूनंच मरायच्या आधी सांगितलं. त्या बोळातच तो वाढला. शेवटचं घर, त्यापुढं मातीची आंधळी भिंत. उन्हाळ्यात त्या भिंतीची धग रात्रभर अंगाला लागायची. पाटीवरची बेरीज चुकली की अक्का चुकलेला आकडा पुसायची नाही. ती निरक्षर होती, तिला कुठला आकडा चुकला ते कळायचंच नाही. ती म्हणायची, ‘तुझ्या तोंडावरून कळतंय, न्हाई जमलं. परत कर.’ नोकरी लागल्यावर त्यानं तिला क्वार्टरमध्ये राहायला बोलावलं. मेव्हणे गेले होते, पोरबाळ नव्हतं. ती म्हणाली, ‘माझं दार मला बरं.’ तो दर बाजाराच्या दिवशी जाई. रेघ खोडल्यापासून गेला नव्हता.

दगडाबाई कचेरीत आली ती चप्पल बाहेर काढून, पदरानं तोंड पुसत. अक्काच्या शेजारची, विटा वाहणारी बाई. तिला बघताच तो उभा राहिला. ती म्हणाली, “मामा, अक्का पडली. गाडीपाशी. कळशी भरून घेतली अन् चिखलात पाय सरला. उठंना झालीय.” बोळातली पोरं त्याला मामा म्हणत, म्हणून मोठी माणसंही मामाच म्हणत. ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. टेबलावर नकाशा उघडा होता, आणि बाईला नकाशा वाचता येत नाही हे माहीत असूनही त्यानं त्यावर हात ठेवला.

खुब्याचं हाड होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय ताणून दोन्हीकडं वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि चंद्रभानला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की या वयात हे हाड सांधत नाही. फार करून कूस बदलता येईल. दवाखान्यात अक्का राहीना. चार माणसांनी तिला बाजेसकट बोळात आणलं. बाज आत वळेना म्हणून दाराची एक फळी काढावी लागली. नर्मदा येऊन तिचं सगळं करून जाई. चंद्रभान रोज सकाळी क्वार्टरच्या विहिरीच्या तळाशी साचलेलं पाणी सायकलला दोन्हीकडं कळश्या बांधून आणी. बोळाच्या तोंडाशी बाया गाडीची वाट बघत उभ्या असत. तो आला की त्या बाजूला होत, पदर सावरत, आदरानं. त्या आदराचा त्याला इतका त्रास होई की मान खाली घालून, चाकाकडं बघत तो शेवटच्या दारापर्यंत जाई.

त्यानं पुन्हा कागद काढले. बोळ धरून सोडवलं, दुसरीकडून सोडवलं, चौकांची जोडणी बदलून पाहिली. दर वेळी ती एक खेप वाढेच. गणितात चूक नव्हती, आणि हेच त्याला सोसवेना. चूक असती तर ती सापडली असती, दुरुस्त झाली असती. रीतीत म्हटलं होतं, नव्या अटीनं धड उत्तर दुखावता कामा नये. त्या दिवशी त्यानं रबरानं घातलेली अट निबंधातली नव्हती. तो आबासाहेबांकडे गेला. म्हणाला, एक खेप वाढवावी लागेल, टेशनाकडं दुपार टळेल, पण बोळ घ्यायला हवा. आबासाहेबांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. अक्काचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “बघा चंद्रभानराव,” ते म्हणाले, “आता ती गाडी बोळात घातली तर लोक काय म्हन्तील? बहीण पडली तवा ओव्हरसियरला बोळ दिसला. तुमचीच बदनामी हाय. अन् मिरग तोंडावर आलाय. चार दिसाचा प्रश्न.” चंद्रभाननं चहा प्याला. आपण चहाला नको म्हणायला हवं होतं असं त्याला कप खाली ठेवल्यावर वाटलं.

मृग कोरडा गेला.

एके सकाळी तो कळश्या घेऊन गेला तेव्हा अक्काच्या अंगात बारीक ताप होता. पाठीला जखमा झाल्या होत्या. खोलीत कडुनिंबाच्या पाल्याचा आणि त्याखालून दुसराच एक वास होता. त्यानं कळश्या उतरवल्या, तांब्या भरून बाजेखाली ठेवला. ती आढ्याकडं बघत होती. मग म्हणाली, “चंदू, आपली गल्ली कुनी काढली रे गाडीतून?”

तो बाजेच्या कडेवर टेकला. इतके दिवस या प्रश्नाची तो वाट बघत होता. “मी, अक्का,” तो म्हणाला. “आबासाहेब न्हाई. मीच.”

“म्हाईत हाय.”

“कुणी सांगितलं?”

“मुंजाजीनं. पयल्याच दिशी. गल्लीत समद्यायला म्हाईत हाय.”

बाहेर कुणाची तरी कोंबडी दारात येऊन गेली. तो म्हणाला, “मग बोलली का न्हाईस? मला बोलवून चार शिव्या तरी द्यायच्या.”

“काय बोलू?” अक्का म्हणाली. “म्हन्लं, त्याचं जमलं न्हाई, त्याचं त्यालाच कळंल. परत करंल.” ती दम घ्यायला थांबली. “म्या वाट बघायली. अन् तू काय केलास? मला पाणी आणायलास.”

“तू पडलीस म्हणून—”

“मी पडले. आता मला कशाला लागतंय रे पाणी? तोंड वलं करायला. ह्या भरलेल्या कळश्या तू समद्यायच्या दारावरनं आणतूस. दगडाबाईच्या पोरीला दिस भरलेत, ती तिकडं तोंडाशी जायलीय चिखलात. माझ्या घरी कळशी वाजली की मला लाज वाटती, चंदू.”

आपण शिक्षा भोगतोय असं त्याला रोज वाटत आलं होतं, त्या ओझ्यानं हातांना घट्टे पडले होते, आणि त्या घट्ट्यांचा त्याला आतून थोडा आधार होता. तो आधारही तिनं काढून घेतला. सगळं अंग एकदम हलकं झालं, आजारातून उठल्यावर होतं तसं, आणि त्या हलकेपणात काहीच बरं नव्हतं.

“तांब्या ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “कळश्या उचल. दगडाबाईकडं दे.”

दगडाबाई चुलीपुढं होती. गरवार पोरगी भिंतीला टेकून बसली होती. मामाला बघून उठायला लागली तसं त्यानं हातानंच नको म्हटलं. “अक्कानं दिलंय,” तो म्हणाला. दगडाबाईनं कळश्यांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “ठिवा तितं,” ती म्हणाली. आभार नाही, राग नाही. दोन्ही कळश्या तिनं रांजणात ओतल्या, तळ झटकून थेंबही पाडला आणि रिकाम्या त्याच्या हातात दिल्या.

तो बाहेर आला. समोरच्या घरातून एका म्हातारीनं हे पाहिलं होतं. तिनं आत जाऊन घागर आणली, उंबऱ्यावर ठेवली आणि परत आत गेली. तिच्या पलीकडच्या दारातून एक डबा बाहेर आला. मग आणखी एक घागर. चंद्रभान क्वार्टरवर गेला, पाणी ओढलं, कळश्या बांधल्या, आला. पुन्हा गेला. नर्मदा विहिरीपाशी भांडी घासत होती. “अक्काकडं इतकं?” तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं राखेचे हात धुतले आणि दोर हातात घेतला. पण तिसऱ्या वेळी बादलीबरोबर गाळ वर आला तेव्हा तिनं त्याला तो दाखवला. कचेरीची वेळ टळून गेली. ऊन डोक्यावर आलं. एका दारी पाणी ओतलं की मागच्या दारी घागर मांडलेली असे, आणि आपण हे जन्मभर केलं तरी मुंजाजीच्या एका टाकीइतकं होणार नाही हे त्याला दर फेरीला नव्यानं कळत होतं.

शेवटच्या फेरीला दगडाबाई तिच्या दारात उभी होती. “मामा,” ती म्हणाली, “उद्या येताव?”

“येतो.”

“अन् तुमच्या हिरीचं सरल्यावर?”

तिनं ते टोचून विचारलं नव्हतं. तिला दिवसाची आखणी करायची होती. पोरीला कुणी बघायचं, पाण्याला कुणी जायचं. चंद्रभाननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गाडी आणतो, असं म्हणणार होता तो. आबासाहेबांचा चहाचा कप त्याच्या डोळ्यांपुढं आला, आणि त्यानं तोंड मिटलं. दगडाबाई मान हलवून आत गेली. शेजारच्या घरातून अक्का कुणाला तरी हाक मारत होती, त्याला नव्हे. त्यानं सायकलचं तोंड फिरवलं. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर अजून रिकाम्या घागरी होत्या, आणि त्यांच्या मधून त्याला चालत जायचं होतं.